चॅनल, पेज, रील्स: तुमच्याभोवती लोक कसे जमले?

कृष्णाकाठ
काल दुपारी जेवणं आटपून भांडी घासत होते, तेवढ्यात फोन वाजला. लॉकडाऊनमधल्या कांदा-लसूण मसाल्याच्या व्हिडिओवर नवी कमेंट. "ताई, सासूबाई कशा आहेत आता? त्यांचा आवाज ऐकला की आमची आजी आठवते." सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. हात पुसून उत्तर लिहायला बसले आणि मग जुने व्हिडिओच बघत राहिले.

२०२० च्या उन्हाळ्यात गावातले मिरची-मसाला कांडायचे डंक बंद. वर्षाची चटणी तर करायलाच हवी. सासूबाई म्हणाल्या, मिक्सरवर करू की. पुण्याच्या जाऊबाईंना दाखवायचं म्हणून मी मोबाईल खिडकीच्या गजाला बांधला आणि शूट केलं. कांदा तळताना त्या झारा कढईच्या कडेला टेकवतात आणि म्हणतात, "बघू नको, ऐक. चुरचुर कमी झाली की काढ." त्या एका वाक्यासाठी लोकांनी तो व्हिडिओ इकडून तिकडे पाठवला. प्रमाण कुठेही मिळतं हो, पण तेलाचा आवाज ऐकायला शिकवणारं माणूस घरात नसलेल्या किती जणी आहेत ते मला तेव्हा कळलं.

पुढे हजार सबस्क्रायबर झाले, वर्षभरात चार हजार तास पाहणं भरलं आणि जाहिराती सुरू झाल्या. पत्ता पडताळायला गूगलचं पिनचं पाकीट पोस्टाने येतं, ते सासूबाईंनी आधी देवापुढे ठेवलं, मग फोडू दिलं.

तुमच्यापैकी कुणी काही चालवलंय का? यूट्यूब, इन्स्टा, फेसबुक पेज, काहीही. लोक कसे आले, कशाने टिकले, काय मिळालं, काय त्रास झाला, सविस्तर लिहा.

पोंगा_ते_पेटी
ताई, वाचतानाच खाट आला नाकात. सासूबाईंच्या आठवणीला नमस्कार.

आमचं चॅनल द्राक्षाचं. तासगाव भाग. फळछाटणी झाली की पोंगा अवस्थेपासून, म्हणजे डोळा फुटतो तेव्हापासून, फुलोऱ्यापर्यंत पावसाची धास्ती असते. पाऊस झाला की डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, आलाच. एकदा सकाळी बागेत पान हातात धरून दाखवलं, वर तेलकट पिवळा डाग, पान उलटं केलं की तिथेच पांढरी बुरशी. बोललो फार नाही. पान उलटं केलं, एवढंच. तो व्हिडिओ निफाड, पंढरपूर, पार विजयपूरपर्यंत गेला. कर्नाटकातली मंडळी कानडीत कमेंट करायची, मी पोराकडून वाचून घ्यायचो.

आमच्याकडे व्ह्यूज म्हणजे हंगाम. सप्टेंबर ते जानेवारी धो धो, उन्हाळ्यात सामसूम. नवीन पोरं घाबरतात, अल्गोरिदमने मारलं म्हणतात. अरे बाबा, एप्रिलात खरड छाटणी झाल्यावर डाऊनीचा व्हिडिओ कोण बघणार?

खरी परीक्षा कंपन्या यायला लागल्यावर. एका टॉनिकवाल्याने खोकी पाठवतो म्हणून फोन केला. म्हणाला, घडाची फुगवण दाखवा, बाकी आम्ही बघतो. मी म्हटलं आधी चार ओळींना मारतो, चार ओळी तशाच ठेवतो, हंगाम संपल्यावर जे दिसेल ते सांगतो. परत फोन नाही आला. माझा व्हिडिओ बघून एखाद्याने कर्ज काढून औषध आणलं आणि माल गेला तर त्याला मी काय तोंड दाखवू? पुढच्या बाजाराला समोरासमोर भेटणारी माणसं आहेत ही.

आणि हो, फुकट माल घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. जुलै २०२२ मध्ये १९४आर कलमाने नियम आला. वर्षात एकाकडून वीस हजारांच्या वर वस्तू मिळाल्या आणि ठेवून घेतल्या तर दहा टक्के टीडीएस. जाहिरात असेल तर जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायचं, जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासूनच सांगितलंय. आमच्या भागात कुणी लिहित नाही. लिहायला पाहिजे.

मधली_सुट्टी
दादा, पान उलटं करण्याचं भारी. वर्गात असंच करावं लागतं. माझं नंतर लिहिते, आत्ता पेपर तपासतेय.

सेलूचा_पोऱ्या
आमचं टिकटॉक होतं. मी अन् बायको. कापसाच्या रानात, वेचणी करता करता. सासू-सून, दुकानदार-गिऱ्हाईक असं काहीबाही. ती सासू झाली की लोक हसून लोळायचे. शेजारच्या गावात गेलो की पोरं मोटरसायकल थांबवायची.

२९ जून २०२०. गलवानच्या चकमकीनंतर सरकारने ५९ ॲप बंद केले, त्यात आपलं. संध्याकाळी बातमी आली, दुसऱ्या दिवशी ॲपच चालेना. देशाचा प्रश्न होता, त्यावर काही म्हणणं नाही. पण बायको गप्प झाली. तिला पहिल्यांदा कुणी नावाने ओळखत होतं, "अमक्याची सून" म्हणून नाही.

जुलैत इन्स्टावर रील्स आले. सगळे म्हणाले तिकडं जा. गेलो. पण ते लोक आलेच नाहीत! आमचं बघणारी माणसं ऊसतोडीवर, वीटभट्टीवर, त्यांच्या फोनात इन्स्टा नव्हतंच. शून्यापासून सुरुवात. तेव्हापासून एक शिकलो, जो कुणी भेटतो त्याचा व्हॉट्सॲप नंबर घेतो. ॲप कुणाचंही असो, नंबर आपल्याकडं.

आता दोघं गॅदरिंगला अन् लग्नात निवेदन करतो. बायकोच जास्त बोलते.

कृष्णाकाठ
वहिनींना माझा नमस्कार सांगा दादा. "नावाने ओळखत होतं" हे वाचून थांबले जरा.

झुळूक
+१ नंबरचं. माझी मैत्रीण साड्यांचं पेज चालवते, ती तर प्रत्येक पार्सलमध्ये हाताने लिहिलेली चिठ्ठी टाकते नंबरसकट.

कृष्णाकाठ ताई, ब्याडगी आणि संकेश्वरी किती किती घेता?

कृष्णाकाठ
@झुळूक, रंगाला ब्याडगी जास्त, तिखटाला संकेश्वरी. निम्मं-निम्मं केलंत तर पोरं रडतील. तीन वाटे ब्याडगी, एक वाटा संकेश्वरी असं करा. लवंगी मिरचीच्या वाटेला जाऊ नका.

पोंगा_ते_पेटी
लवंगीशिवाय चटणी कसली ताई 😀

पदर
येवल्याची सून आहे. घरात माग आहे. सासरे बसतात, दीर बसतात, मी बारीकसारीक काम करायचे. इन्स्टावर पहिले फक्त साड्यांचे फोटो टाकायचे, त्याला कोण विचारतंय, सगळ्यांचे फोटो सारखेच. मग एकदा सासरे पदरावरचा मोर विणत होते तेव्हा वरून मोबाईल धरला. एकेका रंगाची वेगळी कांडी, बोटांनी धागे उचलायचे, कांडी सारायची, परत उचलायचे. सकाळपासून दुपारपर्यंत बोटभर वीण पुढे सरकली. खाली लिहिलं, "आज एवढंच झालं." त्या दिवसापासून "इतकी महाग का" विचारणं थांबलं बघा. आता बायका विचारतात, मोराचा डोळा झाला का?

पण नाव झालं की चोर येतात. कुणीतरी आमचेच फोटो, आमचेच व्हिडिओ उचलून जवळपास त्याच नावाचं खातं काढलं. नावात एक ठिपका जास्त. ॲडव्हान्स घेऊन गायब. फसलेल्या बायका आम्हाला फोन करून रडायच्या, काही शिव्या पण द्यायच्या. सासऱ्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. आयुष्यात कुणाचे पैसे बुडवले नाहीत हो त्यांनी.

सगळ्यांना सांगते, असं झालं तर लगेच १९३० ला फोन करा, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाका. जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवायची शक्यता जास्त. आम्ही आता प्रत्येक लाइव्हच्या सुरुवातीला सासऱ्यांना समोर बसवतो आणि आमचा एकच नंबर मोठ्याने वाचून दाखवतो. गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर माग बघितल्याशिवाय पैसे पाठवत नाही, आम्हीच तशी सवय लावली.

झुळूक
बापरे. सासऱ्यांची काळजी घ्या.
(मला मोर बघायचाय. पत्ता निरोपात पाठवा.)

वीणेकरी
वडिलांचं भजन टाकतो मी. त्यांचं वय झालंय, आवाज आहे तोवर साठवावा, एवढाच हेतू. तुकोबांचा अभंग, चाल आमच्या आजोबांपासूनची, साथीला पखवाज आणि टाळ. टाकल्या टाकल्या कॉपीराइटचा दावा! एका संगीत कंपनीच्या रेकॉर्डशी जुळतंय म्हणे. वडील विचारतात, तुकोबांवर कुणाचा हक्क आहे रे?

माहिती असावी म्हणून लिहितो. अभंगाच्या शब्दांवर हक्क नाही, पण अमुक गायकाची ध्वनिमुद्रिका आणि संगीतकाराची नवी चाल यांच्यावर असतो. यंत्र सूर जुळवतं, परंपरा त्याला कळत नाही. आपण स्वतः गायलेलं आणि चाल पारंपरिक असेल तर निर्धास्त आक्षेप नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. आमचा दावा सुटला. स्ट्राइक (हक्कभंगाबद्दल चॅनलला मिळणारी ताकीद) आणि दावा या वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यात बहुधा जाहिरातीचे पैसे तिकडे जातात, चॅनल जात नाही. ९० दिवसांत तीन स्ट्राइक मात्र महागात पडतात, चॅनल बंद होऊ शकतं.

फार लोक बघत नाहीत. पण वारीच्या दिवसांत ज्यांना जाता येत नाही अशी म्हातारी माणसं लावतात, त्यांच्या सुना कमेंटमध्ये लिहितात. वडिलांना मी त्या वाचून दाखवतो.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीतून. मी इथे टॅक्सचं काम करते, स्वतःचं चॅनल नाही, पण भारतातल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो म्हणून लिहिते. भारतात राहून यूट्यूबवर कमावताय आणि ॲडसेन्समध्ये (गूगलचं जाहिरातीच्या पैशांचं खातं) अमेरिकन टॅक्सची माहिती भरलेली नाही? तर जगभरातल्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. भरलीत आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितलात, तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर १५ टक्के. २०२१ पासून आहे हे. हजार डॉलरमधले शंभर अमेरिकेतून आले असतील तर एकीकडे २४० जातात, दुसरीकडे १५. पंधरा मिनिटांचं काम आहे, आजच करा.

पदर ताई, आमच्या मंडळात तुमचा लाइव्ह दाखवू का गणपतीत?

पोंगा_ते_पेटी
ताई, पॅन नंबर टाकायचा का तिथं?

सातासमुद्रापार
हो काका, करदाता क्रमांक मागतात तिथे पॅनच.

पदर
दाखवा की! वेळ कळवा, तुमची रात्र आमची सकाळ जुळवू.

मधली_सुट्टी
झाले पेपर. जिल्हा परिषदेची शाळा, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी. बुद्धिमत्ता चाचणीतल्या आरशातल्या प्रतिमा फळ्यावर समजवता येत नाहीत, म्हणून खरा आरसा धरून व्हिडिओ केले. घड्याळ आरशात दाखवलं की पोरं उड्या मारतात.

मुलांसाठीचा व्हिडिओ म्हणून खूण केली की कमेंट बंद, नव्या व्हिडिओची सूचना देणारी घंटा बंद, जाहिराती पण साध्या. जानेवारी २०२० पासूनचा नियम, अमेरिकेतल्या मुलांच्या खासगीपणाच्या कायद्यामुळे. मला पटतो तो. पण वाढायचं कसं? पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून वाढलं. आकडे बघितले तर व्ह्यूज रात्री आठ ते दहा. वडील कामावरून येतात, तेव्हा घरातला एकुलता फोन मोकळा होतो. म्हणून व्हिडिओ पाच मिनिटांच्या आत ठेवते. एका फोनवर तीन भावंडं असतात.

रील_राणी_नाही
मी साडी नेसण्याचे व्हिडिओ करते. नऊवारी, काष्टा, मुलांचं सोवळं. घाणेरड्या कमेंट इतक्या येतात की सकाळी आधी त्या काढायच्या, मग चहा. नात्यातल्यांनी आईला फोन करून विचारलं, मुलीला अक्कल नाही का. आई म्हणाली, "तिच्याकडून शिकून तुमच्याच सुनेने मंगळागौरीला नेसली." बस.

सेलूचा_पोऱ्या
आईला दंडवत 🙏 शब्द गाळायची सोय असते ताई, सेटिंगमध्ये शिव्यांची यादी टाकून ठेवा, आपोआप लपतात. मराठी शिव्या मराठीत अन् इंग्रजी अक्षरांत, दोन्ही टाका.

रील_राणी_नाही
हे माहीत नव्हतं, टाकते आत्ताच. थँक्यू दादा.

आखाजी
अमळनेरहून. आपल्या अहिराणीला लोक हसायचे, मग मालेगावच्या छोटूदादाचे खान्देशी व्हिडिओ सगळ्या देशाने बघितले आणि आमच्यात बळ आलं. मी आईची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी टाकतेय. झोक्यावर बसून म्हणते ती. सगळ्यात जास्त कुठून बघतात सांगू? सुरत! आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं तिकडे कापडाच्या कामाला. एक बाई लिहिते, मायना वास उना (आईचा वास आला).

पण झोका अंगणात, वारा सुटला की आवाज फाटतो. माईक कोणता घेऊ? बजेट कमी आहे.

वीणेकरी
कॉलरचा वायरवाला घ्या, साधा चालतो. वर स्पंजची टोपी हवीच. माईक पदराला लावू नका, पदर घासला की खरखर येते. ब्लाउजच्या गळ्याजवळ लावा आणि वायर पाठीमागून घ्या, म्हणजे झोक्यात अडकणार नाही. आणि एकदा झोका थांबवून नुसता आवाज घेऊन ठेवा, कडीचा कुरकुर आवाज पण.

आखाजी
कडीला कालच तेल दिलं भाऊ!

वीणेकरी
मग चार दिवस थांबा 😄