हजेरी : मम्मी उशिरा (घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती आईबापांनो, तुमचेही अनुभव लिहा)

नगरची_लेक
सलाम सगळ्यांना. नाताळची चांदणी काढायला माळ्यावर चढले, तर पत्र्याच्या पेटीत शंभरपानी वही सापडली. वर लेकाच्या वाकड्या अक्षरात 'हजेरी'. आत रकाने आखलेले. दादा – हजर. चिऊ – हजर. बोका – हजर (झोपला). मम्मी – उशिरा. मम्मी – उशिरा. मम्मी – दूध उतू. मम्मी – उशिरा. शिडीवरच हसत बसले. नवरा खालून ओरडतोय, मिळाली का चांदणी?

2017 ला थोरल्याला दुसरीतून काढलं. लोकांना वाटतं काहीतरी धार्मिक कारण असणार. तसं काही नव्हतं. पोरगं अडखळत बोलायचं, वर्गात नक्कल व्हायची, बाई म्हणाल्या, "मुलंच ती, करणारच." घरी आणलं ते आणलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या स्वतः 31 वर्षं मिशनच्या शाळेत शिक्षिका! अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या ते हे गाव, आणि यांचा नातू घरी बसणार?

सकाळी दहा मिनिटं उपासना, मग ओट्यापाशी गणित. एकदा बायबलमधलं नोहाचं तारू, म्हणजे त्याचं जहाज, घेतलं. 300 हात लांब, 50 रुंद, 30 उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पोराचा हात भरला 33 सेंटिमीटर, पप्पांचा 46. म्हणजे याचं तारू 99 मीटर, पप्पांचं 138. खरं कुठलं यावर जेवण होईपर्यंत भांडण. मग खडू घेऊन गल्लीत आखायला निघाला. वीसेक मीटरवर रिक्षा उभी. रिक्षावाल्या काकांनी विचारलं, काय रे चाललंय? तर म्हणतो, "काका, तुमची रिक्षा माझ्या तारवात आलीय." एका दमात, कुठेही न अडखळता. मी दारात पिठाच्या हातांनी उभी होते.

तुम्हीही लिहा.

वसईची_माय
आमचं धर्मशिक्षण चर्चमध्ये, बाकी सगळं घरी. रात्री रोजरी (जपमाळ) म्हणताना धाकटी मणी मोजत बसते. परवा म्हणाली, "'नमो मारिया' प्रार्थनेचे मणी 53 आहेत, 50 नाही." पाच दहा पन्नास आणि सुरुवातीचे तीन. मी जन्मभर रोजरी म्हणतेय, कधी मोजलेच नव्हते. बाकी नंतर लिहिते, कुकर.

कॅम्पातला_बाप
आमच्या घरी नियम, महिन्याला एक स्तोत्र पाठ, निवड ज्याची त्याची. मोठीने 23 वं घेतलं. धाकट्याने आठवडाभर बायबल चाळलं, आम्हाला वाटलं केवढी गोडी! शेवटी निवडलं 117. दोनच वचनं. 119 मध्ये 176 आहेत, हेही त्यानेच शोधून ताईला सुचवलं.

टेक्सासची_मावशी
@कॅम्पातला_बाप, पोरगा वकील होणार 😂
इथे घरी शिकवायला नोंदणीसुद्धा लागत नाही, चर्चमधली पाच कुटुंबं मिळून शिकवतो. विज्ञान माझ्याकडे, कारण बाकी कुणी तयार नव्हतं. अडतं ते मराठीत. सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला आणि मी म्हटलं, आज पाळक (चर्चचे पास्टर) जेवायला येणारेत. तर आमचा म्हणतो, "आय डोन्ट लाइक पालक." आजी पुढची दहा मिनिटं प्रार्थना करू शकली नाही.

वसईची_माय
आले. काय लिहीत होते विसरले. 'पाळक' भारी होतं.

सहज_वाचणारी
मी ख्रिस्ती नाही, पण मुलगी घरीच शिकते म्हणून विचारते. दहावीचं काय करता? आणि शिक्षणहक्क कायद्याचं भय नाही वाटत?

कॅम्पातला_बाप
@सहज_वाचणारी एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शालेय शिक्षण मंडळ. तिसरी, पाचवी, आठवीला समकक्ष अशा त्यांच्या ए, बी, सी पातळ्या आहेत, दहावीला बसायला वय 14 पूर्ण लागतं. कायदा 6 ते 14 च्या मुलांसाठी आहे, पण घरी शिकवण्याबद्दल त्यात स्पष्ट असं काही नाही. आम्ही वयाचे दाखले, वह्या, सगळं फाईलला लावून ठेवतो. भय कायद्याचं कमी, आत्याबाईंचं जास्त.

निवृत्त_बाई
मी शिकवण्यातच आयुष्य घालवलंय, म्हणून राग मानू नका. मुलांना मुलं लागतात. भांडायला, डबा पळवायला. रविवारच्या संडे स्कूलने ते भागत नाही. आमच्या मंडळीत घरी शिकलेली एक मुलगी होती, हुशार, सगळी वचनं तोंडपाठ. सहलीला गेलो तर बसमध्ये माझ्याच शेजारी बसली, जाताना आणि येतानाही.

नगरची_लेक
@निवृत्त_बाई राग कसला. अगदी हेच आमचं झालं. 2020 ला टाळेबंदीत अख्खी कॉलनी आमच्यासारखी घरी बसली, पोराला गच्चीवर गँग मिळाली, आणि शाळा उघडल्यावर स्वतःच म्हणाला, मी पण जातो. सहावीत घातलं. या वेळी सासूबाई रडल्या, कारण दुपारी घर रिकामं झालं. तोवर इतिहास त्याच शिकवायला लागल्या होत्या ना!

दौंड_लोकल
इतिहासावरून आठवलं. पोरांना घेऊन केडगावला मुक्ती मिशनला गेलो होतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं, छपाईचे खिळे जुळवायला तिथल्याच बायका. मी हे रंगवून सांगतोय तर मुलीने विचारलं, "रमाबाई कोणत्या शाळेत होत्या?" लहानपणी कोणत्याच नाही! त्यांना संस्कृत शिकवलं आईने, आणि आईला शिकवलं होतं वडिलांनी, लोकांचा विरोध पत्करून. तेव्हापासून पाव्हण्यांनी 'शाळा कोणती?' विचारलं की मुलगी ऐटीत सांगते, "रमाबाईंचीच." मग पाव्हणे पत्ता विचारतात 🙏

टेक्सासची_मावशी
हे मी वापरणार.

सहज_वाचणारी
@कॅम्पातला_बाप धन्यवाद. आत्याबाई आमच्याकडेही आहेत.

चौथं_वर्ष
सगळ्यांचं गोड गोड वाचून बरं वाटलं, पण माझं आज बिनसलंय. सकाळी उपासनेत 'क्षमा करा' शिकवलं आणि अर्ध्या तासात भागाकारावरून मोठ्यावर इतकी ओरडले की शेजारीण बेल वाजवून गेली. पोरगा शांतपणे पाण्याचा ग्लास घेऊन आला. म्हणाला, "आता मी म्हणू का, की मम्मी तू म्हण?" कोण कुणाला काय शिकवतंय कळत नाही. बाथरूममध्ये बसून लिहितेय.

नगरची_लेक
@चौथं_वर्ष अगं, त्या वहीत एक पान आहे, 'मम्मी – हजर, पण रागात.' आज भागाकार बंद ठेव. करंज्या भरायला बसव, सारण समान वाटायचं, भागाकारच तो.

वसईची_माय
करंज्यांवरून, माझ्या तेलात फुटतात. सारण जास्त होतं का?

निवृत्त_बाई
@वसईची_माय कडांना दुधाचं बोट लावा, कातण्याआधी नीट दाबा. आणि भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवा, वाळल्या की फुटतात.

कॅम्पातला_बाप
मूळ विषय : बोक्याची हजेरी शेवटपर्यंत होती का?

नगरची_लेक
@कॅम्पातला_बाप फेब्रुवारीपर्यंत. मग एका पानावर 'बोका – गैरहजर', पुढे रोज तेच. नाव मात्र खोडलं नाहीये.

वसईची_माय
अरेरे 😔
@निवृत्त_बाई साटा तुपाचा करता की डालड्याचा?