मदत हवी आहे : सोशल मीडिया खात्यांचे ऑडिट करताना माहिती सुरक्षित कशी ठेवावी?

नमस्कार. एका संस्थेच्या फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरील खात्यांच्या ऑडिटचे काम सध्या माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी मला ईमेलने एक एक्सेल फाइल आली. तिच्यात सगळ्या खात्यांचे पासवर्ड उघड लिहिलेले होते आणि तोच मेल आणखी सहा जणांना गेलेला होता. ते पासवर्ड मी त्याच दिवशी बदलायला लावले आणि फेसबुक पेज व यूट्यूब चॅनेलसाठी पासवर्डऐवजी मर्यादित अधिकारांचा प्रवेश मागून घेतला.

खरी अडचण पुढेच आहे. जोडलेल्या ॲपची यादी उघडली, तेव्हा पोस्ट शेड्यूल करणाऱ्या एका ॲपला खात्याच्या वतीने लिहिण्याची परवानगी अजूनही असल्याचे दिसले, आणि ते जोडणारा कर्मचारी तर केव्हाच संस्था सोडून गेला आहे. अशा ॲपला मिळालेले टोकन, म्हणजे खाते वापरण्याची डिजिटल परवानगी, पासवर्डहून वेगळे असते, त्यामुळे पासवर्ड बदलला की ते रद्द होईलच असे नाही. ते ॲप लगेच काढावे, की आधी त्याची नोंद घेऊन, ठरलेल्या पोस्ट त्यावर अवलंबून नाहीत ना हे पाहून मग काढावे?

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. अहवालासाठी घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये लोकांचे खासगी संदेश आणि फोन नंबर येतात, आणि त्यांनी ते विश्वासाने पाठवलेले असतात. असा मजकूर आपण कसा झाकता, कुठे साठवता आणि काम संपल्यावर किती दिवसांत नष्ट करता? शिवाय एकच खाते तिघे वापरत असतील, तर द्विस्तरीय पडताळणीचा (पासवर्डनंतर विचारला जाणारा) कोड कोणाच्या फोनवर ठेवावा? असे ऑडिट प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.