१९६९ च्या कॅमॅरोसाठी इंजिन ब्लॉकचा तारीख-संकेत

प्रश्न: माझ्या १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरो गाडीच्या काउल पट्टीवर (इंजिनामागच्या आडव्या भिंतीवरील, गाडीच्या बांधणीची माहिती देणारी धातूची पट्टी) '०४बी', म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा, असा संकेत आहे. मूळ इंजिन हरवले असून, 'ई ६ ९' असा ओतकामाचा संकेत असलेला ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) मिळत आहे. गाडीच्या काळाशी जुळणारे इंजिन हवे आहे, तर तो घ्यावा का?

उत्तर: घेऊ नये. या संकेतात ए म्हणजे जानेवारी, या क्रमाने ई म्हणजे मे. त्यामुळे आपला ब्लॉक ६ मे रोजी, म्हणजे गाडी तयार झाल्यानंतर ओतला गेला. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी आणि शेवटी गाडी, हा क्रम मोडता येत नाही. फेब्रुवारी-मार्चचा ब्लॉक शोधावा आणि उजव्या सिलिंडर हेडसमोरील सपाट भागावरची जुळणीची तारीखही पाहावी.

दुसरे उत्तर: वर्षाचा केवळ शेवटचा अंक असल्याने ९ म्हणजे १९५९ ही असू शकते, म्हणून ब्लॉकचा प्रकार सांगणारा ओतकाम क्रमांकही तपासावा. ब्लॉकवर दुसऱ्या गाडीचा क्रमांक असल्यास तो घासून आपला ठोकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो खोटा इतिहास ठरतो. 'तारखेनुसार सुसंगत' एवढेच प्रामाणिकपणे नोंदवावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मार्चचा ब्लॉक शोधतो.