डीएसचं सस्पेन्शन एका रात्रीत आलेलं नाही

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची डीएस ही गाडी म्हणजे नुसतं देखणेपण, बाकी तंत्र इतरांसारखंच. हे मला अजिबात पटत नाही. १९५५च्या पॅरिस मोटर शोमध्ये पहिल्याच दिवशी बारा हजारांच्या आसपास नोंदण्या झाल्या, त्यात रूपाचा वाटा मोठा होता हे मान्य. पण खरी करामत पत्र्याखाली होती. सस्पेन्शनमध्ये, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेत, स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकाला एक धातूचा गोळा: अर्ध्या भागात नायट्रोजन, अर्ध्यात तेल, मध्ये रबरी पडदा. खड्डा आला की वायू दबतो. माणसं बसली की पंप तेल वाढवतो आणि गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते. ब्रेक आणि स्टिअरिंगसुद्धा त्याच तेलाच्या दाबावर! पॉल माजेस या अभियंत्याची ही कामगिरी, आणि कंपनीने ती आधी १९५४ साली ट्रॅक्सिओं अव्हां या आपल्या आधीच्या गाडीच्या फक्त मागच्या चाकांवर आजमावली होती, हे इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

फ्रान्समध्ये असताना आमच्या गल्लीत एक जुनी डीएस उभी असायची. रात्रभरात ती पार जमिनीला टेकलेली. सकाळी तिचे मालक आजोबा इंजिन सुरू करून शांत बसून राहायचे. आधी मागची बाजू हळूच वर यायची, मग पुढची, अगदी गाय उठते तशी. ते पाहायला मी रोज थांबायचो. त्यांच्या गाडीत हिरवं तेल होतं. सुरुवातीचं तेल ओलावा शोषायचं, आतले भाग गंजायचे. म्हणून १९६६मध्ये हे खनिज तेल आलं आणि गळतीची कटकट बरीच कमी झाली.