मदत हवी आहे: पायथन टाकलंय, तरी मुलांना दिसत नाही

माळरान:
शाळेच्या लॅबमधल्या १२ मशीनवर पायथन (कोडिंगची भाषा) टाकलं. इन्स्टॉल नीट झाल्याचंही आलं. मुलं बसली की काहीच चालत नाही. दोनदा काढून परत टाकलं. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. रीस्टार्ट करून बघा असं कृपया कोणी सांगू नका.

सुपारीबाग:
काहीच चालत नाही म्हणजे नक्की काय होतं? मुलांचं लॉगिन वेगळं आहे का?

बोरूबहाद्दर:
सर, विंडोज काढून उबंटू टाका. पायथन आधीपासूनच असतं, सगळ्या लॉगिनना. कटकट संपली.

माळरान:
सर नाही, मॅडम. आणि उबंटू नको, ऑफिसचं हिशेबाचं टॅली यातल्याच दोन मशीनवर आहे. मुलांच्या लॉगिनला पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं.

तिरपागडा:
विंडोज ७ असेल तर ३.८ च्या पुढचं पायथन चालणारच नाही.

माळरान:
विंडोज १० आहे.

तिरपागडा:
त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणा.

माळरान:
ते आमच्या हेडसरांना सांगा.

सुपारीबाग:
स्टोअर उघडतं म्हणजे त्या लॉगिनपुरतं पायथन नाहीच, विंडोजने नुसती पाटी लावून ठेवलीय. इन्स्टॉल कसं केलंत ते क्रमाने सांगा.

माळरान:
मुलांच्याच लॉगिनमधून! राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिनचा पासवर्ड, इन्स्टॉल नाउ.

सुपारीबाग:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, मॅडम. पासवर्ड ॲडमिनचा दिलात, म्हणजे इन्स्टॉलर ॲडमिन म्हणून चालला. इन्स्टॉल नाउ हे एकाच यूजरपुरतं असतं, त्यामुळे पायथन ॲडमिनच्या ॲपडेटा फोल्डरात जाऊन बसलं. ॲडमिनच्या लॉगिनला जा, तिथून काढा. मग कस्टमाइझ इन्स्टॉलेशन घ्या, पुढच्या पानावर 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' आणि 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स'वाली खूण करा. खालचा पत्ता बदलून प्रोग्राम फाइल्सचा झाला की समजा जमलं.

कोरडा_चिवडा:
एवढा खटाटोप कशाला? मुलांनाच ॲडमिन करा.

सुपारीबाग:
आठवीच्या मुलांना? एका तासात वॉलपेपरपासून अँटिव्हायरसपर्यंत सगळं बदललेलं असेल.

बोरूबहाद्दर:
पण प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलं तर मुलांना पिपने (पायथनमध्ये जादा कोडची पॅकेजेस टाकणारं टूल) लायब्ररी कशी टाकता येणार? दर वेळी मॅडमनी पासवर्ड द्यायला पळायचं का? मी स्वतः नेहमी एकाच यूजरपुरतं टाकतो, पासवर्ड न मागता अपडेटही होतं.

सुपारीबाग:
घरच्या लॅपटॉपवर तुमचं बरोबर आहे. लॅबमध्ये मूळ पायथन मुलांच्या हातून डिलीट होता कामा नये. आणि पिप अडत नाही. मुख्य फोल्डरात लिहिता आलं नाही तर तशी एक ओळ दाखवून लायब्ररी त्या मुलाच्याच फोल्डरात टाकतं.

तिरपागडा:
लॉगिनचं नाव देवनागरीत आहे का? माझ्याकडे 'विद्यार्थी' नावाच्या फोल्डरात एक जुनं टूल अडकलं होतं.

माळरान:
नाव इंग्रजीतच आहे. ७ नंबरच्या मशीनवर केलं, चाललं! पण ॲडमिनच्या लॉगिनमधून काढताना त्या यादीत पायथन दोनदा दिसत होतं, ३.११ आणि ३.१२.

सुपारीबाग:
दोनदा टाकलं म्हणालात ना. दोन्ही काढा.

कोरडा_चिवडा:
मॅडम, टॅली मुलांच्या लॉगिनलाही दिसतं का हो?

माळरान:
अगं बाई. बघते.