ओढ्याच्या पाणलोटाचा नकाशा करायचाय, पूर नियोजनासाठी. कुठनं सुरुवात करू?

सीनाकाठचा:
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठाला आमचं गाव. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, लांबोटीला पुणे हायवे बंद, वडकबाळला विजयपूर रोड बंद. आमचा दीड एकर ऊस तर गेलाच पण वरची माती खरडून खाली मुरूम उघडा पडला, ऊस परत लावता येतो, माती कुठनं आणायची?
आता मुद्दा असा की आमच्या वस्तीत पहिलं पाणी नदीचं नव्हतंच, ओढ्याचं होतं. सीना तुडुंब असल्यामुळं ओढ्याला पुढं जायला जागा नाही, मग ते पाणी मागं फुगत वस्तीत शिरलं. गावात सगळे म्हणतात नदीकडनं संरक्षक भिंत मागू. मी म्हणतोय आधी ओढ्याचा पूर्ण पाणलोट, म्हणजे ज्या रानाचं पाणी त्या ओढ्याला येतं तो सगळा भाग, नकाशावर काढू, वरनं किती पाणी येतं ते तर कळू दे. क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) थोडंफार येतं. ३० मीटरचा डीईएम, म्हणजे दर ३० मीटरच्या चौकोनाला जमिनीची उंची देणारा नकाशा, पुरतो का, आणि कुठले कुठले लेयर (नकाशाचे थर) घेऊ?

काळी_माती:
दादा, पाणलोटाची हद्द, उतार आणि ओढ्याच्या फांद्या काढायला ३० मीटर पुरतो, इस्रोच्या भुवन साइटवर कार्टोसॅट उपग्रहाचा फुकट मिळतो. पण वस्तीत कुठल्या घरापर्यंत पाणी चढेल हे त्यावरनं सांगू नका, आपल्याकडं जमीन एवढी सपाट की डीईएमची चूकच दोन-चार मीटरची निघते. वस्तीपुरतं लेव्हल मशिन (उंची-सखलपणा मोजायचं यंत्र) लावून मोजून घ्या.
लेयर म्हणाल तर उतार, माती, जमिनीचा वापर हे तीन आधी. माती आणि वापर एकावर एक ठेवले की प्रत्येक तुकड्याला कर्व्ह नंबर देता येतो, नंबर जितका मोठा तितकं पाणी कमी जिरतं आणि जास्त वाहतं. म्हणजे बघा, १०० मिमी पाऊस पडला आणि नंबर ७५ असेल तर नेहमीच्या सूत्रानं साधारण ४१ मिमी पाणी वाहून जातं, नंबर ९० असेल तर ७३ मिमी. आणि एका हेक्टरवर १ मिमी म्हणजे १० हजार लिटर, करा हिशोब. जून महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिला पाऊस त्यातच जिरतो, पण सप्टेंबरपर्यंत माती फुगून भेगा मिटलेल्या असतात, मग तेच रान फरशीसारखं पाणी सोडतं. म्हणून एकच नकाशा करू नका, कोरड्या रानाचा एक आणि भिजलेल्या रानाचा एक असे दोन करा. पूर दुसऱ्यातच दिसतो.

आदिलाकाठ:
वरच्यांचं बरोबर आहे पण माझा अनुभव सोलापूर शहरातला आहे म्हणून सांगतो. आदिला नदीवर एकरुखचा तलाव म्हणजे आपला हिप्परगा, १८७१ साली पुरा झालेला. तो भरून सांडला की पाणी जुन्याच वाटेनं येतं, वाटेत आता घरं आहेत हे पाण्याला काय माहीत. डीईएममध्ये मोरी दिसत नाही ओ! रस्त्याचा भराव दिसतो आणि पाणी तिथं अडलेलं दिसतं, नाहीतर प्रत्यक्षात मोरी चोंदलेली असते आणि नकाशात पाणी सरळ जातं. म्हणून ओढा वरपासून खालपर्यंत चालत जा, प्रत्येक मोरी, पूल, सिमेंटच्या नळ्या, बंधारा यांचा जीपीएस पॉइंट घ्या, तोंड किती रुंद किती उंच ते टेपनं मोजा, गाळ किती चढलाय तेही लिहा. आणि भूमी अभिलेखकडनं जुना गाव नकाशा काढून ओढ्याची मूळ रुंदी त्यावर टाका. वाद होतील, पण हे टाकाच.

बंधाऱ्यावरचा_मामा:
पोरा चांगलं काम काढलंयस. दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे पावसाळ्याआधी केटी बंधाऱ्याची (पाणी अडवायला दारं बसवतात तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा) दारं काढलीवती का ते विचार. दारं तशीच राहिली की लाकडं-पाचट अडकतं, पाणी बाजूनं काठ फोडून रानात घुसतं, आमच्याकडं तसंच झालतं. दुसरं, काही लोक अजून म्हणतात उजनीनं पाणी सोडलं म्हणून पूर आला. उजनी भीमेवर आहे रे, सीना अहिल्यानगरकडनं येते, मधी सीना-कोळेगाव धरण लागतं, बार्शीकडनं भोगावती मिळते, आणि सीना-भीमेची गाठ पार खाली हत्तरसंग कुडलला. तुझ्या नकाशाच्या कोपऱ्यात ही पूर्ण सीना छोटी काढून दाखव, गावसभेत लई उपयोगी पडंल.
म्हाताऱ्या माणसांना घरोघरी विचार, पाणी कुठल्या पायरीला लागलंतं. भिंतीवर गाळाची रेघ असंल तर फोटो काढ, ती रेघ पुसायच्या आत.

काळी_माती:
मामांच्या रेघा आणि सेंटिनेल-१ उपग्रहाची रडारची इमेज जुळवून बघा, रडारला ढगाचा अडथळा नसतो, पुराच्या दिवसातलं साचलेलं पाणी त्यात काळं दिसतं. फक्त उभ्या उसाखालचं पाणी नीट दिसत नाही, तिथं रेघच खरी.

सीनाकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दोघं जण ओढ्यानं वर चालत गेलो. पहिल्या दीड किलोमीटरमध्ये चार ठिकाणी रस्ता ओलांडतो, त्यातल्या तिसऱ्या जागी दोन नळ्या आहेत, एक पूर्ण बुजलेली, दुसरीत माझा हात कोपरापर्यंत गेला आणि पुढं गाळ. शाळेच्या मागच्या भिंतीवर रेघ अजून आहे, जमिनीपासून ३ फूट ४ इंच. मामा, दारांचं विचारलं, उत्तर द्यायला कोणी तयार नाही. रविवारी वरच्या गावातल्या लोकांना भेटायला जातोय, पाणलोटाचा निम्म्याहून जास्त भाग त्यांच्याच शिवारात निघतोय.