लंडनला दीड दिवस मिळतोय, जुनी कापडं बघायचीत, कुठे जाऊ?

बडोदेकरीण
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात लेकीकडे लंडनला जातेय, नातू लहान आहे त्यामुळे मला मोकळा असा दीडच दिवस मिळणार. मी इथे बरीच वर्षं भरतकाम शिकवते, मला पटोळी (पाटणची, सूत आधी रंगवून विणलेली), छींट (फुलापानांचं रंगवलेलं सुती कापड), कच्छचं भरत असं बघायचंय, बाकी काही राहिलं तरी चालेल. मागच्या वेळी व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) मधे इतका अंधार होता की काचेला नाक लावलं तरी टाका दिसेना, फार वाईट वाटलं. या वेळी तिकीटवालं प्रदर्शन घेऊ का?

दांडियाबाजारचा
ताई, तो अंधार मुद्दाम असतो. कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड टाकत नाहीत, कारण उडालेला रंग परत येत नाही, आणि काही महिन्यांनी कापड उतरवून आत ठेवून देतात, म्हणजे तुम्हाला हवं ते बाहेर लावलेलं असेलच असं नाही. कायमचा संग्रह फुकट आहे, शुक्रवारी रात्री १० पर्यंत उघडं असतं. गेलात की आधी पाच मिनिटं नुसतं बसा, डोळे सरावतात.

आरीवाली
काकू, तिकीट राहू दे, तुम्ही स्ट्रॅटफर्डला व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउसला जा!! मे २०२५ मधे उघडलंय, म्युझियमचं गोदामच लोकांना खुलं केलंय, प्रवेश फुकट. वेबसाइटवरून पाच वस्तूपर्यंत मागवता येतात, पण निदान दोन आठवडे आधी नोंदवावं लागतं, त्यामुळे आजच बसा. मी कच्छचं मोची भरत (आरीने भरलेली साखळी) मागवलं होतं, टेबलावर समोर ठेवलं, मी पाठ बघायचीय म्हटल्यावर तिथल्या बाईंनी हलक्या हाताने कोपरा उलटला, तर पुढून फिकट गुलाबी दिसणारं फूल मागून अजून लालभडक होतं, साखळीचे टाके इतके बारीक की मोजताना चुकले. मला रडूच आलं.

सयाजीबागवाला
उरलेल्या अर्ध्या दिवसात साउथ केन्सिंग्टनला, व्ही अँड ए च्या मुख्य इमारतीत, कास्ट कोर्ट्स म्हणजे प्रसिद्ध शिल्पांच्या प्रतिकृतींची दालनं बघा. रोमच्या ट्रेजनच्या स्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती आहे, छताला लागेल म्हणून दोन तुकड्यांत उभी केलीय, शेजारच्या दालनात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची आहे. १८७३ पासूनची दालनं आहेत, प्रवासाला पैसे नसलेल्यांना इटली बघता यावी म्हणून. आपल्या सयाजीरावांनी युरोपची चित्रं आणून इथल्या बडोद्याच्या म्युझियमात लावली ना, मला तीच ओढ दिसते त्यात.

बडोदेकरीण
आरीवाली, बाळा, तुझं वाचून अंगावर काटा आला. लेकीला फोन केला, नोंदणी ती करतेय. पाचातलं एक मोची भरत, एक पटोळं नक्की, छींट कुठली मागवू, कोरोमंडलची बघितलीय का कुणी?